हयगय नव्हती ती

आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं आणि तिची निवृत्ती अजून चार वर्षं लांब होती. आदल्या दिवशी शिकवलेला भागाकार ती दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून शिकवायला लागली. मुलं म्हणायची, "बाई, हे झालंय." ती ठामपणे म्हणायची, "नाही झालं." एका दुपारी तिने हजेरी दोनदा घेतली, आणि मुख्याध्यापकांनी तिला मेमो दिला. कारण लिहिलं होतं, 'कामात हयगय'.

हयगय! जी बाई ताप असतानाही इंदिरानगरातल्या आमच्या घरातून चालत शाळेत जायची, तिच्या नावापुढे हा शब्द.

मी कारकून होते, मला सरकारी कागदाची भाषा कळायची. अर्धा दिवस रजा टाकून मी शाळेत गेले. मुख्याध्यापक चहा पीत होते. म्हणाले, "तुमच्या लोकांना नोकरी सहज मिळते, मग टिकवायची फिकीर नसते." आम्ही बौद्ध, ते त्यांना शाळेच्या कागदांवरून माहीत होतं. मी म्हटलं, "सर, माझी आई पहिल्या नंबराने पास होऊन नोकरीला लागलीय. आज तिला काहीतरी होतंय, ते बघा." ते म्हणाले, "होतंय काय? लक्ष नाही, एवढंच."

आमच्या डॉक्टरांनी टॉनिक दिलं आणि पाळी जाण्याच्या वयात असं होतं म्हणाले. मी ऐकलं नाही. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे तिच्या डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी कागदावर उतरवल्या. तो लांब कागद समोर पसरून डॉक्टर मला सांगायला लागले. लहरी मंद झाल्यात, पण खरं निदान कागदापेक्षा तिच्या बोलण्यावरूनच करावं लागेल. आजाराचं नाव अल्झायमर असावं, आणि एवढ्या लवकर तो क्वचितच येतो.

"यांना अजून समजतं का सगळं?" त्यांनी मला विचारलं.

आई शेजारीच बसली होती. पदर नीट करून म्हणाली, "मला विचारा की. मी इथंच आहे."

डॉक्टर ओशाळले. मग तिच्याकडे वळून त्यांनी तिला पाच शब्द पाठ करायला सांगितले. थोड्या वेळाने विचारले, तर तिला दोन आठवले. खिडकीकडे बघत ती हळूच म्हणाली, "पोरांना तीस-तीस ओळी पाठ करायला लावायचे मी."

डॉक्टरांचं पत्र घेऊन मी पुन्हा शाळेत गेले. मुख्याध्यापकांनी ते वाचलं आणि शिपायासमोर म्हणाले, "म्हणजे डोकं फिरलंय." माझा आवाज चढला. मी म्हटलं, "आजार झालाय. कावीळ होते तसा. मेमो मागे घ्या."

घेतला नाही. मी वरच्या कार्यालयात अर्ज केला, सहा महिने चकरा मारल्या. अखेर आईला वैद्यकीय कारणाने निवृत्त केलं, पेन्शनही मिळाली. सेवापुस्तकात मात्र मेमोतली 'हयगय' तशीच राहिली. तिथल्या एका साहेबांनी समजावलं, "आता त्यांना कुठे कळणारे? कशाला त्रास घेता?"

तिला कळत होतं. निरोपाच्या दिवशी शाळेतून आलेला नारळ तिने ओट्यावर ठेवला आणि मला विचारलं, "माझं काय चुकलं गं?" मी म्हटलं, "काही नाही, आई." थोड्या थोड्या वेळाने ती पुन्हा तेच विचारत राहिली. मी दर वेळी तेच उत्तर दिलं. फक्त तिसऱ्या वेळी ते ओरडून दिलं, माझा राग तिच्यावर निघाला, आणि त्याची शरम मला आजही त्या मुख्याध्यापकांवरच्या माझ्या रागाइतकीच वाटते.