पपईवर लावलेली बोली

बहात्तरच्या दुष्काळात मी देवाच्या घरात एक पपई विकत घेतली आणि त्यापायी लेकीचं शिक्षण जवळजवळ बुडवलं. हे लिहिताना आजही कान तापतात. चोरी केली असती तर निदान लपवता तरी आली असती. मी जे केलं ते भर मंडळीसमोर, गीतं गाऊन झाल्यावर, टाळ्यांच्या गजरात केलं.

तेव्हा मी लोहाऱ्याकडच्या एका गावात सहकारी सोसायटीचा सचिव होतो. लोकांच्या दारात कर्जवसुलीला जायचं आणि उठता उठता ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ असं सांगून यायचं, हा माझा धंदा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! त्या वर्षी पाऊस गेला, वसुली थांबली आणि माझा पगारही अडकला. माझी बायको मार्था दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. सचिवाची बायको खडीवर, हे मला खुपायचं. पण तिला थांबवायची सोय नव्हती, कारण चूल तिच्याच मजुरीवर पेटत होती. त्यातूनही चार पैसे मागे टाकून ती आमच्या लेकीसाठी, सुवार्तासाठी जमवत होती. सोलापूरकडच्या एका मिशन दवाखान्यात सुवार्ताची नर्सिंगसाठी निवड झाली होती. प्रवेशाची फी, पांढऱ्या साड्या, जोडे, सगळ्याचे पैसे पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेले होते.

अशात हंगामाचा सण आला. आम्हा ख्रिस्ती लोकांत या सणाला प्रत्येकानं शेतातलं, परसातलं काहीतरी देवाला आणायचं आणि उपासना झाली की त्या वस्तूंचा लिलाव करायचा, अशी रीत आहे. बाजारभावापेक्षा चढी बोली लावायची, कारण तो पैसा मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कामाला जातो. रीत चांगली आहे, तिला मी नावं ठेवणार नाही. त्या वर्षी हंगामच नव्हता, तरी पाळकसाहेब म्हणाले, “पीक आलं नाही म्हणून उपकार मानायचे न्हाईत का? जे असंल ते आणा.” कुणी चार अंडी आणली, कुणी खडीच्या कामावर खायला मिळालेली कोरडी सुकडी आणली. आणि एका घरातून पपई आली, मोरीच्या सांडपाण्यावर पोसलेली.

सणाला माझा साडू शांतवन आला होता. तो ढोकीला साखर कारखान्यात फिटर होता. माझ्या शेजारीच बसला आणि हळूच म्हणाला, “पाव्हणं, मार्थाबाई खडीवर जात्यात म्हनं? लई वाईट वाटलं बगा ऐकून.” त्याला खरंच वाईट वाटलं असेल. मला मात्र चारचौघांत थोबाडीत बसल्यासारखं झालं. पपईचा लिलाव सुरू झाला, शांतवननं बोली लावली आणि मी तिच्यावर चढवली. त्यानं वाढवली, मी आणखी वाढवली. लोक माना वळवून बघू लागले आणि मला ते आवडलं, हे लपवत नाही. पाळकसाहेबांनी चष्म्यावरून बघत विचारलं, “घरात इचारलंय न्हवं?” सगळे हसले. मीही हसलो आणि अजून वर गेलो. शेवटी शांतवननं हात जोडले. “घ्या पाव्हणं, तुमचीच.”

देवासमोर बोललेला शब्द मागं घ्यायची रीत नव्हती. मी घरी गेलो, पेटी उघडली आणि पैसे आणून भरले. उजव्या हाताचं दान डाव्या हाताला कळू नये अशी आमच्या प्रभूची शिकवण, आणि माझं दान अख्ख्या गावाला कळलेलं. मी परतलो तोवर बातमी घरी पोचली होती आणि मार्था पेटीपाशी उभी होती. मी म्हणालो, “देवालाच दिलंय. देव बघून घेईल.”

ती म्हणाली, “देवाला दिलं असतं तर म्या हूं की चूं केलं नसतं. तुमी शांतवन दाजींना दाखवायला दिलं.”

मग तिनं पपई कापली आणि गल्लीतल्या पोरांना वाटली. माझ्या पुढ्यातही एक फोड ठेवली. दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांच्या दारापर्यंत जाऊन मी परत फिरलो. दिलेले पैसे परत कुठल्या तोंडानं मागणार? प्रवेशाची तारीख आली तेव्हा मार्था एवढंच बोलली, “पोरीला घिऊन जावा. पैसं न्हाईत, हे सांगायचं तोंड तुमचं तुमीच बगा.”

उमरग्याहून एसटी धरली. सुवार्ता खिडकीशी बसली होती, मांडीवर कपड्यांचं गाठोडं धरून. तिनं भांडण केलं असतं तर मला बरं वाटलं असतं. मी मनात वाक्यं जुळवत होतो: दुष्काळ आहे, पगार अडकलाय, हात रिकामे आहेत. यातलं एकेक खरं होतं आणि सगळं मिळून खोटं होतं. गाडीत प्रार्थना करावीशी वाटली, पण कशासाठी करू? माझं खोटं पचू दे, असं देवाला कसं सांगणार?

दवाखान्यातल्या मॅट्रनबाई वयस्क होत्या. मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, “दुष्काळानं ज्यांच्याकडं काहीच ठेवलं नाही, त्यांच्या मुलींना या वर्षी आम्ही फी माफ करतोय. जागा थोड्याच आहेत. तुमचंही तसंच आहे का?” नुसती मान हलवायची होती, की लेकीचं कल्याण होणार होतं. मी मान हलवणार तोच त्या म्हणाल्या, “थांबा, आधी प्रार्थना करू.” आणि डोळे मिटून त्यांनी देवाचे उपकार मानले: या बापाच्या कष्टांसाठी, लेकीसाठी राबलेल्या त्याच्या हातांसाठी.

मी डोळे उघडले आणि माझे हात पाहिले. त्यांवर एक घट्टा नव्हता. राबलेले हात त्या वेळी माळावर खडी फोडत होते. त्या बाई प्रत्येक बापासाठी हीच प्रार्थना करतही असतील, मला ठाऊक नाही. पण त्या दिवशी कुणीतरी माझी मान धरून ठेवली, ती हलली नाही. “बाई, दुष्काळानं नाही,” मी म्हणालो. “पैसे होते. हिच्या आईनं खडी फोडून जमवले होते. मी मोठेपणासाठी ते बोलीत उधळले.” सगळं सांगितलं. सुवार्ता पदरात तोंड घालून रडू लागली. लेकीची जागा मी दुसऱ्यांदा घालवली, असंच मला वाटलं. आता माझ्या हातात काहीच उरलं नव्हतं. प्रभू, तूच बघ, एवढंच मनात आलं, आणि या वेळी ते फुशारकीनं नव्हतं.

बाईंनी प्रवेशाची वही पुढ्यात ओढली. मग म्हणाल्या, “माफी तुम्हाला देता येणार नाही. ती दुसऱ्या कुणाच्या लेकीची आहे. पण या पोरीचा काय दोष? तिला राहू द्या. फी महिन्याच्या महिन्याला थोडी थोडी भरा. मात्र ती तुम्ही आणायची नाही. हिच्या आईनं आणायची.”

शरमेनं मला वर बघवेना, आणि त्याच क्षणी छातीवरचा धोंडाही उतरला. देवाची कृपा गोंजारतच येते असं मी समजत होतो. माझ्याकडे ती माझा कान धरत आली, त्याबद्दल मी रोज त्याचे आभार मानतो. हातातला पैसा त्यानं सांभाळायला दिलेला असतो, मिरवायला नाही, आणि त्याच्या नावानं मिरवायला तर मुळीच नाही.

घरी येऊन मी मनगटातलं घड्याळ विकलं आणि ते पैसे मार्थाच्या हातात ठेवले. पुढं अडकलेला पगार सुटला, तोही तिच्याच हातात गेला. पहिला हप्ता भरून ती परत आली तेव्हा मी भीत भीत विचारलं, “मॅट्रनबाई माझ्याबद्दल काही बोलल्या का?”

“इचारलं की, मालक कसं हायीत म्हणून.”

“मग तू काय सांगितलंस?”

पिशवी खुंटीला अडकवत मार्था म्हणाली, “म्हनलं, लेक तुमच्याकडं शिकतीया, बाप माझ्याकडं.”