तोफेत दिलेली ओ

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता... आजही नाही. पण हे कुणाला तरी सांगायलाच हवं.

आम्ही लखनौला, महानगरमध्ये राहतो. बँकेतली नोकरी. गेल्या डिसेंबरात मी, बायको नीता आणि कॉलेजातली लेक ऋचा अलिबागला गेलो. आईलाही यायचं होतं. "तुझ्या गुडघ्यांनी वाळूतून कुठे चालणार?" म्हणत मीच तिला मागे ठेवलं. शेजारच्या शुक्ला भाभी हाकेच्या अंतरावर होत्या.

दुपारी ओहोटी लागल्यावर आम्ही चालत कुलाबा किल्ल्यावर गेलो. तटावरच्या तोफेच्या तोंडाला ऋचाने कान लावला.

"पापा, आप भी सुनो ना! समंदर की आवाज़ आती है."

मी कान लावला. आत आईचा आवाज होता. दमलेला. "बाळू, अरे, उठव रे मला."

भासच, दुसरं काय! मी हसत तोफेत ओरडलो, "आलो गं आई! थांब जरा."

"तोफेतून कसला बोलतोस? घरी फोन लाव," नीता म्हणाली.

फोनला रेंज होती. तरी म्हटलं, हॉटेलवर गेल्यावर लावू. मग किनाऱ्यावर भजी खाल्ली, फोटो काढले.

संध्याकाळी लावला तेव्हा फोन शुक्ला भाभींनी उचलला. "भैया, अम्माजी बाथरूम में गिर गईं. दोपहर से पड़ी थीं. वो तो कामवाली चाबी लेकर आई, तब पता चला. एक आवाज़ दे देतीं तो मैं दौड़ी आती!"

खुब्याचं हाड मोडलं होतं. मिळेल त्या विमानाने परतलो. हॉस्पिटलमध्ये मी आईला विचारलं, "भाभींना हाक का नाही मारलीस?"

"मारणारच होते रे. तेवढ्यात तूच ओ दिलीस — आलो गं आई, थांब जरा. हसत होतास. वाटलं, लवकर परत आलात. मग कशाला गल्ली गोळा करू? थांबले."

नीताने माझ्याकडे पाहिलं. किल्ल्यावर ती शेजारीच उभी होती.

डॉक्टर म्हणाले, वेदनेत असे भास होतात. होत असतील. पण तिच्या भासात माझेच शब्द कसे? यावर नीता आणि मी पुष्कळ बोललो, हाती काही लागलं नाही.

आई आता वॉकर घेऊन चालते. तिने मला बोल लावला नाही. फक्त एकदा विचारलं, "आलो म्हणालास, मग कुठे अडकलास रे?"

याचं उत्तर मात्र मला ठाऊक आहे. ते तिला अजून सांगितलेलं नाही.