बायोडाट्याची मळी

फौजेतून पेन्शनवर आलेल्या माणसाला आमच्या कडेगाव भागात गाव एका दिवसात मेजर करतं. सरकारला जे माझ्या अख्ख्या नोकरीत जमलं नाही, ते स्टँडवरच्या चहावाल्यानं मी ट्रंक खाली ठेवायच्या आत करून टाकलं. "या मेजर!" म्हणाला. मी होतो हवालदार, गाड्यांच्या ताफ्याचा. पण मिळालेली बढती नाकारायची नाही, असा फौजेचा नियमच आहे. नसला तर असायला पाहिजे.

पहिले काही आठवडे पारावर सुखात गेले. मी रोज इतक्या हिमवादळांतून ट्रक बाहेर काढत होतो, की पारावरची म्हातारी माणसं भर ऑक्टोबर हीटमध्ये कानटोप्या घालून बसायला लागली. एकजण तर शिंकला. मग पुण्याहून फोन आला. एका सोसायटीच्या गेटवर रखवालीची नोकरी होती. हातात काठी, तोंडात शिट्टी आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक मोटारीला सलाम. आमच्या भागातले निम्मे मेजर तिकडंच सलाम ठोकत बसलेत. मी 'येतो' म्हणणारच होतो, तेवढ्यात उंबऱ्यात तांदूळ पाखडत बसलेली आमची मंडळी सूप न थांबवता म्हणाली,

"जावा की. पर एकलं जावा."

"अगं, नोकरी हाय."

"इतकी वरसं मी फोटूसंगं संसार केला. फोटूनं कवा पाण्याची घागर उचलली न्हाई, पर पुण्याला जातो असं बी कवा म्हनला न्हाई. आता माणूस घरी आलाय, तर त्यो हितंच ऱ्हाऊ द्या."

मी फोन खिशात टाकला. बायकोचं माहेर आष्ट्याकडचं, बापाचं गुऱ्हाळ. उकळत्या कढईशेजारी वाढलेली बाई, माझ्यासारख्याच्या वाफेला ती काय भिणार? एक मात्र पक्कं झालं. नोकरी मिळवायची तर घरापासून सायकलच्या अंतरावर, नाहीतर पुन्हा मी भिंतीवरचा फोटो.

जवळच्याच साखर कारखान्याला उसाच्या वाहनांवर देखरेख करणारा माणूस हवा आहे, असं कळलं. हंगाम सुरू होऊन रांगा रस्त्यापर्यंत आल्या होत्या. सोमवारी बायोडाटा घेऊन भेटायला बोलावलं होतं. मी तडक कडेगावातलं झेरॉक्सचं दुकान गाठलं. दुकानदार दोनच तऱ्हेचे बायोडाटे बनवायचा, लग्नाचे आणि भरतीचे. माझं काय करावं, हे त्याला सुचेना. मी त्याला घाटात कोसळलेल्या दरडीची गोष्ट सांगायला घेतली आणि तो डोळे विस्फारून माझ्याकडं बघत टाइप करत राहिला. कीबोर्डकडं तो बघत नव्हता आणि कागदाकडं मी. चूक तिथंच झाली.

घरी बायकोनं कागद हातात घेतला. वर गणपती, कडेनं गुलाबी वेलबुट्टी.

"पद, मेजर," तिनं वाचलं. "हे पारावरचं झालं. उंची, बरं. वर्ण, निमगोरा. कुटनं?"

"पुढं वाच."

"छाती, न फुगवता. छाती, फुगवून. मामाकुळ. शेती, बागायत." मग ती थांबली. कागद तिनं उजेडाकडं धरला. "अपेक्षा, मुलगी सुशिक्षित, गृहकृत्यदक्ष आणि शेतीची आवड असनारी. आवं, कुनाला बगायला निगालाय?"

"कारखान्याला!" मी ओरडलो. "ते आधीच्या गिऱ्हाइकाचं ऱ्हायलं असंल."

"आन छाती कशापायी? ऊस काय छातीनं चिरडनार हाय?"

"अगं, भरतीला..."

"भरतीला तुमी अठराचे हुता. आता प्वाट फुगवाय सांगा म्हनावं, बसल्या जागी व्हईल."

माझी बाजूही ऐकून घ्या. आमच्या भागात पोरगं मिसरूड फुटायच्या आधी पहाटेच्या डांबरी रस्त्यावर पळायला लागतं. मुलाखत म्हणजे मैदान, परीक्षा म्हणजे फीत, हे डोक्यात बसलेलं. मला आयुष्यात एकदाच कुणीतरी नोकरीला निवडलं होतं आणि तेही छातीला फीत लावून. मग पुन्हा निवडायचं म्हटल्यावर माणूस काय पुढं करणार? छातीच की!

बायकोनं कागद उलटा केला, कोऱ्या बाजूवर पेन ठेवलं आणि म्हणाली, "सांगा. तितं सकाळी उठून काय करत हुता?"

मी मांडी ठोकली. "ऐक. एका हिवाळ्यात बर्फ ट्रकच्या टपापर्यंत. पुढचा ट्रक दरीत अर्धा लोंबकळत. मी एका हातानं..."

तिनं हात वर केला. "मळी."

गुऱ्हाळात रस उकळला की घाण वर येते, ती मळी. ती काढून टाकल्याशिवाय गूळ होत नाही. सासऱ्यांच्या गुऱ्हाळात ते काम हिचं असायचं. मी तोंड उघडलं की तिला मळीच दिसायला लागली.

"दोन हातांनी," मी म्हणालो.

"मळी."

"बरं, साखळी लावून. मागच्या ट्रकनं ओढून."

तिनं लिहिलं. असं जेवणापर्यंत चाललं. माझा बिबट्या गेला, माझा हिमकडा गेला, ज्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली ते झाडून सगळे जनरल गेले. एका जनरलसाठी मी लय झगडलो, पण तिनं त्यालाही झाऱ्यावर घेतलं. कढईच्या तळाशी जे उरलं ते असं: कुठली गाडी कुठल्या गाडीच्या मागं लावायची. जड कुठं, हलकी कुठं. बंद पडलेली गाडी अरुंद रस्त्यात बाजूला कशी काढायची, तिचा माल इतरांत कसा वाटायचा. झोप न झालेला ड्रायव्हर नुसत्या चालण्यावरून कसा ओळखायचा. मधे घुसणाऱ्याला न भांडता मागं कसं पाठवायचं.

"एवढंच?" मी खचून म्हणालो.

"एवडं कुनाला येतंय?" ती म्हणाली. "पर ह्ये सगळीकडं आमी आमी काय लावलंय? आमी गाड्या पोचवल्या, आमी रस्ता मोकळा केला. पारावर तर बोकडावानी मी मी करता. हितं काय झालं?"

थापेत 'मी' म्हणायला काही लागत नाही, तिच्यात दुसऱ्या कुणाचा वाटा नसतो. पण जे खरंच घडलं त्यात सगळ्या ड्रायव्हरांचा वाटा होता, साखळी धरून बर्फात पालथं पडणाऱ्यांचा होता. ते एकट्याच्या नावावर कसं लावणार? मी तसं बोलून दाखवलं. पहिल्यांदाच तिनं हात वर केला नाही.

"मग तसंच लिवू," ती म्हणाली. "गाड्या त्यांनी चालवल्या. त्यास्नी रांगंत म्या चालवलं. ह्ये तर खरं का न्हाई?"

खरं होतं.

मग तिनं फौजेचे शब्द काढले. कॉन्व्हॉय म्हणजे काय, हे ट्रॅक्टरवाल्याला कळलं पाहिजे, म्हणून लिहिलं वाहनांची रांग. रिकव्हरीच्या जागी आलं, बंद वाहन रस्त्यातून काढणे. पद, हवालदार. दुसऱ्या दिवशी दुकानदाराच्या डोक्यावर उभा राहून मी ते एका पानात टाइप करून घेतलं. त्याचा जीव तुटत होता. "मेजर, गणपतीबिगर लय उगडं दिसतंय वो. निदान वेलबुट्टी तरी घ्या." मी ऐकलं नाही. घरी आल्यावर मात्र कागदाच्या मागच्या कोपऱ्याला गुपचूप हळदीचं बोट लावलं. देवाला उगाच कशाला दुखवा?

सोमवारी कारखान्यावर शेजारच्या जिल्ह्यातल्या औंधापर्यंतचे मेजर गोळा झाले होते. सगळे ताठ, मिशांना पीळ, हातात गुलाबी वेलबुट्टी. त्या एका दुकानानं अख्खी पलटण उभी केली होती म्हणा ना. माझी पाळी आली. शेती अधिकारी चष्मा पुसत बसले होते, समोर गुलाबी गठ्ठा आणि नुकताच आलेला चहा.

"तुमच्या आधीच्या सगळ्यांना गृहकृत्यदक्ष मुलगी पाहिजे," ते थकून म्हणाले. "आणि सगळ्यांची छाती एकाच मापाची. तुमची कुठाय?"

"घरी ठेवलीया साहेब," मी म्हणालो.

त्यांनी माझं पान वाचलं. पुन्हा वरून वाचलं. मग खिडकीकडं बोट केलं. "ती रांग बघितलीत? सकाळपासून हलेना. काय चुकतंय?"

आत येताना मी तेच तर बघत आलो होतो. "बैलगाड्या आन ट्रॉल्या एकाच रांगेत हायत. बैल उपाशी, म्हणून गाडीवान मधे घुसतायत. आन पुढं एक ट्रॉली पंक्चर हुन आडवी हाय. तिच्या मागं सगळे नुसते हॉर्न वाजवतायत."

"सांगू नका," ते उठलेच. "करून दाखवा."

बाहेर गेलो. एक ट्रॅक्टरवाला ओरडला, "ओ मेजर, हितं बर्फ न्हाई, उसाचं पाचट हाय!"

"म्हणूनच तुला उतरवतोय गड्या, बर्फ असता तर बसू दिलं असतं! तुजी साखळी घिऊन ये!"

हसत हसत उतरला बहाद्दर. त्याची साखळी, दुसऱ्याचा ट्रॅक्टर, आडवी ट्रॉली कडेला. बैलगाड्यांना वेगळी रांग, बैलांना आधी वैरण. मधे घुसलेल्याला खांद्यावर हात टाकून मागं नेलं, त्याच्याकडूनच तंबाखू मागून खाल्ली. मग मी शिट्टी मारली. त्या शिट्टीनं सांगलीत कृष्णेचं पाणी क्षणभर थांबलं म्हणतात. मी बघितलं नाही, मी कामात होतो. पण रांग हलली, एवढं अधिकाऱ्यांनी स्वतः बघितलं. त्यांच्या हातातला चहा अजून वाफाळत होता.

"उद्यापासून या, हवालदार," ते म्हणाले. मेजरपेक्षा तो शब्द मला त्या दिवशी मोठा वाटला.

घरी सायकल अशी हाणली की वाटेतली कुत्री भुंकायची विसरली. बायको चुलीपुढं भाकरी थापत होती. मी दारातूनच सुरू केलं, "सात मैल रांग! हत्तीएवढे बैल! आन अधिकारी उठून मला..."

पिठाचा हात वर गेला.

मी चपला काढल्या. "लागलो," म्हणालो.

तिनं तव्यावरची भाकरी काढली, फुगलेली, आणि माझ्या ताटात टाकली. दुपारच्या वेळी, आपल्या घरात, गरम भाकरी. मग ती पदरानं तोंड पुसून अशी हसली, की आष्ट्यात तिच्या माहेरी ऐकू गेलं असावं. पाट माझ्याकडं सरकवत म्हणाली,

"आता सांगा. मळीसकट."