पाच जणांचा बँड, चार जणांची रजा

दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला आम्ही दौंडच्या बँकेत जमतो. लाईन लांबलचक, पंखा एक, आणि रांगेत सगळे रेल्वेतले रिटायर. मग किस्से निघतातच. तीस-पस्तीस वर्षं ड्यूटी केली की ते कोळशाच्या धुळीसारखे अंगावर बसतात. कितीही धुतलं तरी कानामागं थोडे सापडतातच. माझ्याकडचे बहुतेक आमच्या बँडचे आहेत. हसू नका, सत्तरच्या आसपास दौंडात खरोखर रॉक बँड होता आणि मी त्यात बेस गिटार वाजवत होतो!

आम्ही पाच जण. मेल्विन लीड गिटार वाजवायचा आणि गायचा. तो फायरमन, अँग्लो-इंडियन, बाप आणि आजा दोघंही ड्रायव्हर. यशवंता लोको शेडमध्ये बॉयलरच्या कामाला आणि बँडमध्ये ड्रमवर. सावंत गार्ड होते, आमच्यात वयानं मोठे, म्हणून त्यांना अहोजाहो; ते अकॉर्डियन वाजवायचे. बाळू तिकीट कलेक्टर, शिरूरकडचा, दुसरी गिटार त्याची. आणि मी दत्ता, मीही फायरमन.

गाणी मेल्विन रेडिओच्या शॉर्टवेव्हवर ऐकून कागदावर उतरवायचा. अर्धे शब्द खरखरीत जायचे, तिथं तो स्वतःचे घालायचा. दौंडात तक्रार करणारं कोण होतं? बेसच्या तारा इकडं मिळत नव्हत्या, म्हणून मी सायकलच्या ब्रेकच्या वायरी लावल्या होत्या. मेल्विन सगळ्यांना सांगायचा, “दत्ता का बेस सुनाई नहीं देता, लेकिन ब्रेक अच्छा लगता है.”

बाकी सगळं जमलं होतं, एकच गोष्ट जमत नव्हती. पाचही जण एकदम कधी स्टेजवर आलोच नाही. रेल्वेत प्रत्येकाची ड्यूटी वेगळी. आम्ही कधी चार असायचो, कधी तीन. एकदा तर यशवंता आणि मी असे दोघंच होतो, आणि लोकांना वाटलं की बाकीचे येईपर्यंत आम्ही वेळ काढतोय.

• • •

रनिंग स्टाफला, म्हणजे गाडीवर जाणाऱ्यांना, ड्यूटीचा निरोप द्यायला कॉलमन यायचा. वहीत सही घेतल्याशिवाय तो हलायचा नाही. आमचे कॉलमन आप्पा म्हणजे नियम म्हणजे नियम.

इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे रेल्वेवाल्यांच्या क्लबात, नाताळचा डान्स होता. संध्याकाळ नुकतीच रंगात आली होती, मेल्विन डोळे मिटून गात होता. आप्पा वही घेऊन थेट स्टेजवर चढले. मेल्विननं मानेनं नको नको केलं. आप्पा थोडा वेळ थांबले, मग माईकपाशी आले आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले, “मेल्विनसायेब, मनमाडची मालगाडी. सही करा.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मेल्विननं गिटारच्या पाठीवर वही ठेवून सही केली, वाकून नमस्कार केला आणि गेला. गाणं अर्ध्यात, लोक नाचतायत, आणि गाणारा गायब. यशवंतानं माझ्याकडं बघितलं. मला चाल पाठ होती, शब्द एक येत नव्हता. मग मी त्या चालीत पाटस, कडेठाण, केडगाव, खुटबाव, यवत, उरुळी, लोणी अशी पुण्यापर्यंतची स्टेशनं गायलो. परत येताना तीच उलटी!

गाणं संपल्यावर मेल्विनची आई माझ्याजवळ आली. “दत्ता,” ती म्हणाली, “मेल्विन से अच्छा गाया तुमने. पहली बार मेरे को गाना समझ में आया.”

• • •

शिरूरचा कार्यक्रम बाळूनं ठरवला होता. गणपतीचं मंडळ, रस्त्यावर मांडव. एसटीच्या टपावर ड्रम बांधून आम्ही गेलो. बाळूचे वडील खास त्याला बघायला कारेगावच्या बाजूनं आले होते. आयुष्य मेंढरांमागं फिरण्यात गेलेलं, आता कुठं शेतीत स्थिरावलेले. खांद्यावर घोंगडी घेऊन ते पहिल्या रांगेत मधोमध बसले होते.

आणि बाळूच आला नाही. त्याच्या जागी उभा राहणारा रिलीव्हर आलाच नाही, म्हणून त्याला गेटवरून सोडलं नाही. त्याची गिटार आमच्याबरोबर आली होती, ती सावंतांनी वाजवली.

मेल्विननं तीन इंग्रजी गाणी म्हटली. मांडव चिडीचूप. टाळी नाही, शिट्टी नाही. तिसऱ्या गाण्यानंतर बाळूच्या वडिलांनी हात वर केला आणि अगदी अदबीनं विचारलं, “टेस्टिंग झालं आसंल तर चालू करा आता. मला शेवटची यष्टी हाय.”

मांडव असा हसला की सांगता सोय नाही. आम्हीही हसलो. मेल्विननं लगेच हिंदी गाणी काढली आणि कार्यक्रम कसाबसा पार पडला. पण सामान बांधताना ते माझ्याजवळ आले आणि यातलं बाळूचं वाद्य कुठलं, असं त्यांनी विचारलं. मी गिटार दाखवली. त्यांनी तिच्या लाकडावरून तळहात फिरवला, वासराच्या पाठीवरून फिरवावा तसा, आणि यष्टी गाठायला निघून गेले. पुढच्या गणपतीला ते नव्हते. मुलाला वाजवताना त्यांनी कधी ऐकलं नाही, आणि बाळूच्या मनातून ते कधी गेलं नाही. त्या दिवशी त्यांना दौंडला घेऊन जायला हवं होतं, गेटवर का होईना दोन मिनिटं बाळूनं वाजवलं असतं. हे मला सुचलं ते वर्षभरानं.

• • •

सावंतांचं अकॉर्डियन कायम गार्डाच्या डब्यात असायचं. एकदा आमची मालगाडी केडगावला बाजूच्या लाईनीवर उभी केली, मागून मेल जायची होती. तासभर तरी हलणार नाही, असं ड्रायव्हर म्हणाला. मी इंजिनातून उतरलो आणि चाळीस वॅगनी चालत मागं गेलो. नवीन गाण्याचा मधला तुकडा बसत नव्हता, तो बसवायचा होता.

माझ्याकडं बेस नव्हता, मी तोंडानंच वाजवत होतो. सावंत रंगात आले. शेजारच्या मिशनच्या शेतात खुरपणाऱ्या बायका उठून कुंपणाशी आल्या. तुकडा एकदाचा बसला, आणि तेवढ्यात लांबून इंजिनची शिट्टी. मेल कधी गेली आम्हाला कळलंच नव्हतं! सिग्नल पडलेला, म्हणजे लाईन मोकळी, ड्रायव्हर खिडकीतून मागं बघत हिरव्या झेंड्याची वाट बघतोय, आणि सावंतांचे दोन्ही हात अकॉर्डियनच्या पट्ट्यात अडकलेले. शेवटी कुंपणापलीकडच्या एका बाईनं आपल्या हिरव्या पदराचं टोक हलवलं.

मी चाळीस वॅगनी पळत इंजिनावर पोचलो, तोवर ड्रायव्हर शिव्या देऊन दमला होता. पुण्यात सावंत भेटल्यावर त्यानं एवढंच विचारलं, “गार्डसायेब, मगाशी झेंडा दावणारी बाई कुठल्या ग्रेडची?”

• • •

आता जो किस्सा सांगतो त्याला मी पूर्वी हसायचो.

मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीतला माणूस दौंडला गाडी चुकल्यामुळं अडकला होता. गाण्याचा आवाज ऐकून तो इन्स्टिट्यूटमध्ये आला. त्या दिवशी आम्ही चौघं होतो, सावंत लाईनवर. तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, एखाद्या रविवारी अख्खा बँड घेऊन मुंबईला या, एक गाणं रेकॉर्ड करून बघू. त्यानं पत्ता लिहून दिला. मेल्विन तो कागद पाकिटात आईच्या फोटोमागं ठेवायचा.

पाच जणांची एकाच रविवारची रजा, हे दौंडात कधी कुणी ऐकलं नव्हतं. आम्ही अर्ज करत राहिलो. एकाची मंजूर व्हायची, दुसऱ्याची नाही. शेवटी रजेच्या क्लार्कनं साहेबांकडं शब्द टाकला आणि खिडकीतून आम्हाला सांगितलं, “चौघांची देतो. पाचवा कोण ते तुमचं तुम्ही ठरवा. एखादा तरी ठेवा की गाडी चालवायला!”

आम्ही सगळे हसलो. बाहेर येऊन चहा घेतला. मीच म्हणालो की मी राहतो, बेस तसाही कुणाला ऐकू जात नाही. मी ते मनापासून म्हणालो होतो, आणि कुणी तरी नको म्हणावं असंही मनात होतं. यशवंतानं कप खाली ठेवला आणि म्हणाला, “पाच म्हंजी पाच. न्हाईतर न्हाई.”

चौघांचे अर्ज मागं घेतले. त्या चौघांनी मला सोडून जायला हवं होतं. मी हे आज म्हणतोय, कारण पुढं मी काय केलं ते मला माहीत आहे.

• • •

नंतर कोणाचं काय झालं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे मध्ये विचारायला नको. चौऱ्याहत्तरच्या रेल्वेच्या संपात चौघांच्या नोकऱ्या गेल्या, माझी राहिली. सावंत आणि बाळू तीनेक वर्षांनी परत कामावर आले, यशवंताला आणखी वेळ लागला. मेल्विन आईला घेऊन ऑस्ट्रेलियाला गेला. त्याची गाडी सुटली तेव्हा मी शेडमध्ये होतो, ड्यूटी नव्हती तरीही. सावंत आता नाहीत. यशवंता पेन्शनच्या रांगेत भेटतो, नातवंडांचं विचारतो, गुडघ्याचं औषध सांगतो. बँडचं काढत नाही, आणि मीही काढत नाही.

• • •

तर तो संप. मे महिना, गाड्या बंद, शेड गार. पहिल्यांदाच पाचही जणांना ड्यूटी नव्हती! मेल्विननं लगेच मुंबईच्या माणसाला पत्र टाकलं की सध्या आम्ही पाचही जण मोकळे आहोत, कधीही बोलवा. कामावर न येणाऱ्यांना पोलीस घरातून उचलत होते, म्हणून आम्ही वाद्यं घेऊन कासुर्डीला यशवंताच्या मामांच्या शेतात जाऊन राहिलो. सावंत बायकामुलांना सासुरवाडीला पोचवून तिसऱ्या दिवशी येणार होते. दोन दिवस आम्ही चौघांनी गोठ्यात प्रॅक्टिस केली. सावंत आले की पाच.

तिसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला की माझ्या क्वार्टरवर खाली करायची नोटीस लागलीय. घरात माझी बायको सिंधू आणि वीस दिवसांची मुलगी होती. बघून येतो म्हणून मी निघालो. बेस गोठ्यात भिंतीला टेकवून ठेवला, कारण दुपारपर्यंत परत येणार असं मीच सांगितलं होतं. दौंडात पोचलो आणि घरी जायच्या आधी शेडमध्ये जाऊन हजेरीच्या वहीत सही केली.

कारण सांगितलं, पण त्याला सबब समजू नका. यशवंताला तीन पोरं होती आणि नोटीस त्याच्याही दारावर होती.

चार दिवसांनी मला पुण्याकडच्या मालगाडीवर पाठवलं. ड्रायव्हर मिरजेकडून आणलेला, मला अनोळखी. पोलीस मागं गार्डाच्या डब्यात सावलीला बसलेले. यवतच्या अलीकडं सिग्नल मिळेना, भर उन्हात गाडी उभी. बांधावरून चार माणसं येताना दिसली. पोलिसांचा सुगावा लागल्यामुळं ते जागा बदलत होते, म्हणून सगळ्यांकडं सामान होतं. पुढं सावंत, गळ्यात अकॉर्डियन. मागं बाळू आणि मेल्विन. यशवंताच्या एका खांद्यावर ड्रम आणि दुसऱ्या हातात माझा बेस.

इंजिनात लपायला जागा नसते. त्यांनी मला बघितलं आणि ते थांबले. संपात कामावर गेलेल्यांना त्या दिवसांत दगड बसत होते, त्यामुळं मी फावडं घट्ट धरलं. मग ते चौघंही रुळाशी आले. पाच वर्षांत पाचही जण वाद्यांसकट एका जागी आलो ते तिथं.

यशवंता पायरीवर चढला आणि बेस माझ्या हातात दिला. “तुझं ऱ्हायलं व्हतं,” म्हणाला.

तो घ्यायला मला फावडं खाली ठेवावं लागलं. खालून मेल्विननं विचारलं, “बच्ची ठीक है?” मी मान हलवली. सिग्नल पडला, ते बाजूला झाले आणि गाडी हलली.

ड्रायव्हर पलीकडच्या खिडकीतून आत वळला. त्यानं मागं बांधाकडं बघितलं, मग माझ्या हातातल्या बेसकडं.

“कोण व्हते ते? वळखीचे?”

“न्हाई,” मी म्हणालो, “बँडवाले हायेत कुणीतरी.”