उमगणं

आठ महिन्यांपूर्वी ह्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि वाचा गेली. उजवी बाजूही गेली, डावा हात तेवढा चालायचा. डॉक्टर म्हणाले, कानावर पडतंय त्यातलं किती समजतंय ते सांगता येत नाही. हे आत आहेत की नाहीत, या एकाच प्रश्नाने मी थकून गेले होते. ह्यांच्या बँकेतल्या बदलीमुळे आम्ही कोलकात्याच्या बेहाल्यात आलेलो. मराठीत रडायलाही जवळ कोणी नव्हतं.

संध्याकाळी दिवा लावून पोथी वाचायची हा घरचा नेम. पूर्वी हे वाचत आणि मी डुलक्या घेई. आता मी वाचायची आणि ओवीमागून ओवी थांबून विचारायची, "कळलं का? कळलं असेल तर हात दाबा." हात कधी दाबला जात नसे. मग तीच ओवी पुन्हा. भक्ती कसली, मी त्यांची तोंडी परीक्षाच घेत होते, आणि देवाचीही. हे पूर्वी म्हणायचे, समजावून सांगता येतं, पण उमगायचं ते आपल्या वेळेनेच उमगतं. मी ते कधी मनावर घेतलं नाही.

ह्यांना सांभाळणारी आया रोज लोकलने सियालदह स्टेशनला उतरून पुढे बसने येई. एकदा मी तिला म्हटलं, आजपासून पोथी बंद, भिंतीला वाचून दाखवल्यासारखं वाटतं. ती ह्यांचं पांघरूण सारखं करत म्हणाली, "दादा शोब बोझेन, बौदी." दादांना सगळं समजतं, वहिनी; एवढं बंगाली मला येत होतं. मग मोडक्या हिंदीत म्हणाली, "पाँच बजे से पोथी का तरफ देखता है. आप पूछता है, तब मुँह घुमा लेता है."

मराठीचं अक्षर न येणाऱ्या बाईने हे मला सांगावं याचा आधी राग आला, मग लाज वाटली. बँकेत जन्मभर नोकरीसाठी आलेल्यांच्या मुलाखती घेतलेला माणूस, त्याला असं तपासलेलं कसं रुचेल?

त्या संध्याकाळी काही न विचारता वाचत राहिले. थकव्याने मध्येच डोळा लागला. जाग आली तेव्हा ह्यांचा डावा हात पोथीवर होता आणि बोट बरोबर त्या ओळीवर, जिथे माझं वाचन तुटलं होतं. मी खूप रडले.

वाचा अजून आलेली नाही, थकवाही तसाच आहे. त्या बाईला देवानेच पाठवलं असं मी मानते आणि दोघांनाही हात जोडते. आठ महिने मी ह्यांना हाका मारत होते, आणि हे तिथेच बसून माझे प्रश्न कधी थांबतात याची वाट पाहत होते.