नळ सोडून बोलणारी मावशी

माझ्या मावशीला काहीही महत्त्वाचं बोलायचं झालं की ती आधी स्वयंपाकघरातला नळ सोडते. कुणाचं लग्न ठरलं, कुणाला दिवस गेले, कुणाची नोकरी सुटली, सगळं नळापाशी. पाणी भांड्यावर आदळायला लागलं की ती हात पुसते, मान जरा पुढे काढते आणि पाण्याच्या आवाजाच्या एक बोट खाली आपला आवाज लावते. लहानपणी तिच्या पायाशी बसून मी ते ऐकायचे. शब्द कळायचे नाहीत, नुसती कुजबुज आणि खळखळ, आणि त्यात डोळे मिटायचे. आजही कुठे नळ वाहताना ऐकला की मला पेंग येते, आणि पाठोपाठ वाटतं, आपण ऐकू नये ते ऐकतोय.

ही खोड एकट्या मावशीची नाही, आख्ख्या शहराची आहे. मोठे साहेब सव्वीस वर्षं देशाच्या खुर्चीवर होते. तेव्हा भिंतींना कान असायचे, आणि ते नुसतं म्हणण्यापुरतं नव्हतं. भिंतीला पाणी ऐकवलं की माणसाचं बोलणं त्यात विरघळतं, हे आधी कुणी शोधून काढलं देव जाणे. साहेब पायउतार होऊन सतरा वर्षं झाली. एका सकाळी रेडिओवर सांगितलं की तब्येतीमुळे ते निवृत्त होताहेत. मग निवडणुका झाल्या, पुतळे हलले, भिंतींतून उपसलेल्या तारांचे ढीग भंगारवाल्याकडे मी स्वतः पाहिलेत. साहेब मात्र ठणठणीत आहेत. टेकडीवरच्या बंगल्यात गुलाब लावतात. दर वाढदिवसाला पेपरात त्यांचा फोटो येतो, डोक्यावर टोपी, हातात झारी, पायाशी कुत्रा. किती गोड म्हातारा, असं लोक म्हणतात. माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मी पाणीखात्यात आहे, म्हणून मला हे जरा जास्तच दिसतं. संध्याकाळी जेवणं आटोपली, भांडी घासून झाली, तरी शहराचा पाण्याचा खप उतरत नाही. बाहेरून आलेला एक इंजिनिअर महिनाभर गळती शोधत गल्लोगल्ली फिरला. त्याला कोण सांगणार, बाबा रे, ही गळती नाही, गप्पा आहेत. साहेब गेल्यानंतर जन्मलेल्या पोरीसुद्धा मैत्रिणीला मनातलं सांगायला बेसिनपाशी नेतात. का, विचारलं तर म्हणतात, “अशीच तर बोलतात ना माणसं?” आणि एक शिष्टाचारही आहे. शेजारच्या घरात आवाज चढला की आपण आपला नळ सोडायचा. त्यांचं झाकलं जातं, आणि आपण काही ऐकलेलं नसतं. आमच्याकडे चांगला शेजारी म्हणजे असा.

मावशीला मात्र नळाचं कारण इतरांपेक्षा जवळून माहीत होतं. ती टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती. लांब खोली, ओळीने खुर्च्या, समोर भोकाभोकांचे बोर्ड. एक वायर फोन करणाऱ्याची, दुसरी ज्याला करायचा त्याची, दोन्ही खोचल्या की माणसं जोडली जायची. तिसरी वायर लाल होती. ती वर पाचव्या मजल्यावर, चोरून ऐकणाऱ्यांकडे जायची. रोज सकाळी सुपरवायझरबाई एक चिठ्ठी ठेवून जायच्या, आणि चिठ्ठीतल्या नंबरांना लाल वायर खोचायची. मावशीचे हात इतके चपळ होते की वायर कधी खोचली हे शेजारणीलाही कळत नसे. तिला तिथे बक्षीस म्हणून एक मनगटी घड्याळ मिळालं होतं. ते तिने एकदाही बांधलं नाही.

एके दिवशी, मी अकरा वर्षांची असताना, चिठ्ठीवर तिच्या स्वतःच्या घरचा नंबर आला. सुपरवायझरबाई मागेच उभ्या होत्या. मावशीने लाल वायर खोचली. त्याच दुपारी काकांनी, म्हणजे मावशीच्या नवऱ्याने, घरून त्यांच्या धाकट्या भावाला फोन केला. भाऊ छापखान्यात कामाला होता आणि पंधरा दिवसांपासून परगावी लपून राहत होता. ‘सकाळच्या गाडीने ये, मी स्टेशनवर येतो,’ एवढंच काका म्हणाले. काका स्टेशनवर गेले. गाडी आली, भाऊ उतरला, आणि काकांच्या देखत त्याला चौघांनी दुसऱ्या दाराने नेलं. तो पुन्हा दिसला नाही. त्याचा कोट अजून आतल्या खोलीत खुंटीवर आहे. मावशी वर्षातून दोनदा तो उन्हात घालते.

लाल वायरीचं हे ओझं तिने सोळा वर्षं एकटीने वाहिलं. मग आठ वर्षांपूर्वी एका दुपारी तिने नळ सोडला आणि काकांना सगळं सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाले, “बरं. होतं असं.” दुसऱ्या दिवशी तिने मला नळापाशी नेऊन हे सांगितलं तेव्हा ती रडत होती आणि हसतही होती. “माफ केलं गं त्यांनी मला. एवढा मोठा माणूस, एका शब्दाने विचारलं नाही.” त्यानंतरची मावशी वेगळीच होती. गुणगुणायला लागली, खिडकीत कुंड्या आल्या, दुपारी तिला झोप लागायला लागली. माझ्या मते ही आठ वर्षं तिच्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची.

गेल्या महिन्यात मी काकांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं. ते पार ठार बहिरे झाले होते, पण कबूल करतील तर शपथ. डॉक्टरने कानामागे मशीन बसवलं. काका रस्त्याने लहान पोरासारखे थांबत थांबत आले. चपलेचा आवाज ऐकायचे, पानांचा ऐकायचे. घरी पोचलो तेव्हा दुपार कलली होती आणि स्वयंपाकघरात पिवळं ऊन पसरलं होतं. मावशीला आनंदाने काय करू नि काय नको झालं. काहीतरी छान बोलायचं म्हणून ती उठली आणि सवयीने तिने नळ सोडला.

“अगं, बंद कर, बंद कर!” काका कान धरून ओरडले. “कानात धबधबा कोसळतोय!”

तिने घाईने नळ बंद केला. काका हसत खुर्चीवर टेकले.

“आता सांगायला हरकत नाही,” ते म्हणाले. “गेली नऊ-दहा वर्षं तू नळापाशी काय बोलायचीस, त्यातलं मला ओ की ठो कळायचं नाही. नुसतं पाणी ऐकू यायचं. मी आपला मान डोलवायचो आणि म्हणायचो, बरं, होतं असं. संसारात तेवढ्यावर भागतं!”

मी मावशीकडे बघितलं नाही. बघवलंच नाही मला. कुंडीतल्या पानांवर ऊन हलत होतं तेवढं मी बघत राहिले. ती खुर्ची ओढून बसल्याचा आवाज आला.

“मी जाते,” मी म्हणाले.

“बस तू,” मावशी म्हणाली. मग काकांकडे वळली. “अहो, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय. आठ वर्षांपूर्वी सांगितलं होतं. तुम्ही ऐकलंच नाहीत.”

तिचा हात नळाकडे गेला. मधेच थांबला. नळाशिवाय असं काही बोलायची तिला सवयच नव्हती, आवाज कुठे लावायचा तेच कळेना. पहिल्यांदा नुसता श्वास आला. दुसऱ्यांदा चिरका, केवढ्यातरी उंच सुरात शब्द फुटला, “त्या दिवशी...!” आणि ती स्वतःच दचकली.

शेजारी दचकले असणारच. कारण लगेच पलीकडच्या घरात नळ सुटला. मग वरच्या मजल्यावर. मग खाली. भिंतीतले पाईप एकेक करून जागे झाले, आणि बघता बघता सगळी इमारत वाहायला लागली. भल्या माणसांनी आमचं झाकून घेतलं होतं. मला तर पाण्याखाली बसल्यासारखं वाटलं. आता मावशी उठेल, चहा टाकेल, आणि हा विषय पुन्हा निघायचा नाही, अशी मला खात्रीच वाटली. तिचे ओठ हलत होते. काका कपाळाला आठ्या घालून तिच्या तोंडाकडे बघत होते. मशीनमधून त्यांना काय येत असेल? पुन्हा पाणीच.

काका उठले. त्यांच्या पिढीतला कुणी माणूस खिडकीतून ओरडलेला मी आजवर पाहिला नव्हता. त्यांनी खिडकीच्या दोन्ही झडपा उघडल्या, आत्ताच मिळालेल्या कानांवर हात दाबले आणि पोटातून ओरडले, “नळ बंद करा रे! मला माझ्या बायकोचं ऐकू येत नाहीये!”

मग वरचा नळ थांबला. मग पलीकडचा. मग एकेक करून खालचे. जिन्यापाशी एक थेंब थेंब ठिबकत होता, तोही कुणीतरी घट्ट पिळला. एवढी शांतता त्या इमारतीने पूर्वी कधी ऐकली नसावी.

“त्या दिवशी चिठ्ठीवर आपल्या घरचा नंबर होता,” मावशी साध्या आवाजात म्हणाली. “लाल वायर मी खोचली. तुमच्या भावाला माझ्या हातांनी दिलं मी.”

काका खिडकीपाशीच उभे होते. त्यांना प्रत्येक शब्द ऐकू आला, हे त्यांच्या पाठीवरूनच कळलं. ते वळले तेव्हा त्यांचा चेहरा ओला होता.

“आणि आदल्या संध्याकाळी नळापाशी तू मला काय सांगितलं होतंस?” ते म्हणाले. “तेव्हा मला चांगलं ऐकू यायचं. ‘फोनवर त्याच्याशी काही बोलू नका’ म्हणाली होतीस. मी बोललो. सवयीने फोन उचलला नि बोललो. चोवीस वर्षं मला वाटतंय, तुला कळलंय आणि तू मला काही म्हणत नाहीस.”

एका छताखाली दोघंही चोवीस वर्षं गुन्हेगार होऊन एकमेकांना जेवायला वाढत होते, आणि तिकडे टेकडीवर तो म्हातारा सुखाने गुलाबांना पाणी घालत होता.

मावशीने काकांचा हात धरला आणि ती मोठ्याने रडली, गळा काढून, खिडकी सताड उघडी असताना. सगळ्या मजल्यांवर ते ऐकू गेलं असणार. पण कुणीही नळ सोडला नाही.