क्षयाचा, गोळ्यांचा की प्रभूचा?

डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाले, "मास्तर, पल्मनरी ट्यूबरक्युलोसिस. उजव्या बाजूला वर कॅव्हिटी आहे." पल्मनरी ट्यूबरक्युलोसिस म्हणजे फुप्फुसाचा क्षय, आणि कॅव्हिटी म्हणजे त्या रोगाने फुप्फुसात पाडलेला खड्डा. हे अर्थ मला मागाहून कळले. त्या वेळी माझी बायको लीला हिने तोंडाला पदर लावलेला तेवढा दिसला आणि त्यावरून काय ते समजलो.

मी दादरच्या एका शाळेत गणित शिकवत होतो. खोकला थंडीपासूनच होता, पण खडूची धूळ जाते घशात म्हणून मी तो अंगावर काढला. संध्याकाळी अंग कोमट लागायचं, सदरे ढगळ व्हायला लागले होते. एके दिवशी रुमालाला रक्त लागलं, तेव्हा लीलाने माझं काही न ऐकता मला परळच्या इस्पितळात नेलं. आज कोणाच्या रुमालाला असंच रक्त लागलं असेल तर त्याच्यासाठी हे लिहितो आहे. खडूला दोष देत बसू नका.

आता माझा स्वभाव सांगायला हवा, नाहीतर पुढचं सगळं वाया जाईल. मी आनंदी माणूस नव्हे. आम्ही नगरकडचे ख्रिस्ती, आजोबांपासूनचे. गिरगावातल्या आमच्या मराठी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, मी एकही रविवार चुकवत नसे, पण पेटी बेसूर, प्रवचन लांबलचक आणि नंतरचा चहा पाणचट, हे सांगितल्याशिवाय घरीही जात नसे. पाळकसाहेब मला सलाम करतानाच अर्धं पाऊल मागे सरकत. प्रभू आनंद देतो हे मला मान्य होतं. तो इतरांना देतो अशी माझी समजूत होती.

तर असा मी खाटेवर पडलो. स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं सुरू झाली. हे क्षयाच्या जंतूंना मारणारं औषध, पण त्याने माझे कान गुणगुणायला लागले. जोडीला आयसोनियाझिडच्या गोळ्या, त्या तेव्हा नव्याच निघाल्या होत्या. आठवड्याला स्पुटम, म्हणजे खोकून काढलेला बेडका तपासायला जाई आणि निकाल येईपर्यंत वॉर्ड गप्प असे. खालच्या रस्त्यावरून संयुक्त महाराष्ट्राचे मोर्चे जात. आम्हांला घोषणा द्यायची बंदी होती, कारण ओरडलं की खोकला आणि खोकला आला की रक्त. शेजारच्या खाटेवर लालबागचे सावंत होते, मूळचे मालवणचे, गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवणारे. ते चादरीखाली मूठ वळून ओठांतल्या ओठांत घोषणा देत.

अशात एका सकाळी, दात घासता घासता, मला आनंद झाला.

याहून नीट मला सांगता येत नाही. पगार थांबलेला, शाळेने माझ्या जागी दुसरा माणूस घेतलेला, लीला मोसंबी घेऊन यायची आणि स्वतः काय खायची ते देवाला ठाऊक. आनंदाला जागा कुठेच नव्हती. तरी तो आला आणि बसला. प्रार्थनेला डोळे मिटले की जवळ कोणीतरी आहे असं वाटे, आणि मरण आलं तरी हे जवळ असणं तुटणार नाही असंही वाटे. मी वॉर्डबॉयला चहा छान झालाय म्हणालो. तो घाबरून सिस्टरला बोलावून आला.

सावंत म्हणाले, "मास्तरानू, तुमका खूळ लागला की काय? हय सगळे खोकतत नि तुम्ही हसतास."

लीलाही घाबरली. भेटीच्या वेळी माझ्या कपाळावर हात ठेवून म्हणाली, "अहो, तुम्ही मला एकदाही रागावला नाहीत आज. ताप चढलाय का?" तिला वाटलं माणूस जाण्याआधी असा गोड होतो. ती माझ्या आनंदाला जितकी भ्यायली तितकी खड्ड्यालाही भ्यायली नव्हती.

राउंडला डॉक्टर आले तेव्हा मी मोठ्या उत्साहाने त्यांना हे सांगितलं. ते हसले. म्हणाले, "युफोरिया. क्षयाच्या रोग्यांमध्ये आम्ही पाहतो. आणि या नव्या गोळ्यांनीही काहींना असं होतं." युफोरिया म्हणजे कारण नसताना वाटणारं सुख. माझा आनंद त्यांनी लक्षणांच्या रकान्यात टाकला आणि ते पुढच्या खाटेकडे गेले.

माझा गोंधळ तिथून सुरू झाला. आयुष्यात पहिल्यांदा प्रभू माझ्याजवळ आला होता, की नुसते जंतू आले होते? आनंद क्षयाचा, गोळ्यांचा की प्रभूचा? क्षयाचा असेल तर बरं होणं म्हणजे तो गमावणं. मग मी बरं व्हावं म्हणून प्रार्थना करू की होऊ नये म्हणून? गणिताचा मास्तर असल्याने मला एकच रीत ठाऊक: एकेक पद काढून बघायचं. मी डॉक्टरांना हात जोडून म्हटलं, चार दिवस गोळ्या बंद करून पाहता येईल का? ते इतके संतापले की अख्खा वॉर्ड उठून बसला. "मास्तर, औषध मध्येच सोडलंत तर जंतू त्याला भीक घालणार नाहीत. तुमचा देव तुम्ही शोधा, पण गोळ्या घेऊन शोधा." हे वाक्य मी प्रत्येक रोग्याला सांगतो. गोळ्या सोडू नका.

सावंतांनी त्यांच्या परीने माझं गणित सोडवलं. "माका पण त्योच गोळ्यो, तोच रोग. माका कित्याक हसू येना नाय?" मला धीर आला. पण दुसऱ्याच दिवशी समोरच्या खाटेवरचा माणूस, जो कोणत्याच देवाला मानत नव्हता, जेवताना खुशीत गाऊ लागला. झालं, पुन्हा पाटी कोरी.

पाळकसाहेब भेटायला आले. मी विचारलं. ते म्हणाले, "मला नाही सांगता येत, मास्तर." त्यांच्या प्रवचनांपेक्षा मला ते आवडलं.

सव्वा-दीड वर्षाने खड्डा मिटला. स्पुटम पुन्हापुन्हा निगेटिव्ह, म्हणजे जंतू नसलेलं आलं, गोळ्या बंद झाल्या. सावंत माझ्याआधीच घरी गेले होते. मीही घरी आलो, आणि आनंद गेला. एके सकाळी उठलो तो पूर्वीचाच मी. दुधात पाणी आहे म्हणून भैयाशी भांडलो. प्रार्थनेला बसलो तर समोर नुसती भिंत. शेजारी पेढे मागायला येत होते आणि मी मोरीत तोंड धुण्याच्या निमित्ताने रडत होतो. डॉक्टर बरोबर होते. मी देवळात जात राहिलो, पण ज्याचं लग्न मोडलंय त्याने वऱ्हाडात बसावं तसा.

मग महाराष्ट्र राज्य झालं. सगळं गिरणगाव दिव्यांनी सजलं, गल्लोगल्ली बॅण्ड वाजत होते. त्याच आठवड्यात लीला खोकली आणि तिने रुमाल माझ्यापासून लपवला.

तोच एक्स-रे विभाग, तेच बाकडं. डॉक्टरही तेच. त्यांनी फोटो खिडकीकडे धरला. "डाव्या बाजूला पॅच आहे." पॅच म्हणजे डाग. क्षय माझाच, माझ्या खाटेशी बसून, माझी भांडी घासून तिने घेतलेला. मी बाहेर येऊन बाकावर बसलो. प्रार्थना करायची नव्हती. देवाला मला चार शब्द सुनवायचे होते आणि मी ते जुळवत होतो.

ते जुळवतानाच तो आनंद आला. भीती गेली नाही, ती छातीत तशीच होती. पण त्या भीतीच्याही खाली तो होता, शांत, जुन्या ओळखीचा. माझं फुप्फुस स्वच्छ होतं. अंगात गोळी नव्हती, ताप नव्हता. बाहेर बॅण्ड वाजत होता, पण तो तर आठवडाभर वाजत होता आणि त्याने माझं नुसतं डोकं उठत होतं.

माझा विश्वास बसेना. आनंद व्हायची ही वेळ होती का? बायको आत रोगी ठरली आणि नवरा बाकावर सुखात, ही काय तऱ्हा? आणि हा राहणार किती दिवस? गोंधळ तेव्हाही सुटला नाही, खरं सांगायचं तर आजही पुरता सुटलेला नाही. तो येतो, जातो, आणि गेला तरी आता मी त्याला मेला समजत नाही. एवढंच पक्कं सांगू शकतो.

लीला नंतर बरी झाली. तिला माझ्यापेक्षा कमी दिवस लागले आणि ती ते मला वारंवार ऐकवते. पण त्या दुपारी हे काहीच ठाऊक नव्हतं. बायकांच्या वॉर्डात तिला खाट मिळाली, मी तिच्या उशाशी उभा राहिलो आणि लपवता येईना म्हणून सांगून टाकलं. म्हटलं, "लीला, राग मानू नकोस. ते इस्पितळातलं होतं ना माझं, ते आज परत आलंय."

मला वाटलं, ती आता पुन्हा कपाळावर हात ठेवणार.

"आहे का अजून?" तिने विचारलं.

"आहे."

तिने पाय आखडून खाटेवर जागा केली आणि म्हणाली, "मग उभे का? इथे बसा. मला फार भीती वाटतेय."